लिनक्स मिंट टाकलं, सगळं चालतंय, वायफाय मात्र दिसतच नाही

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. घरी २०१४ चा एक लॅपटॉप पडून आहे, चौथ्या पिढीचा आय३, रॅम वाढवून ८ जीबी केलीय, मधे एसएसडी पण टाकून घेतला, म्हणजे मशीन अजून ठणठणीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ह्याच्यावर सरळ मार्गाने चढत नाही, आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल त्यांना नकोत, म्हणून म्हटलं भंगारात घालण्यापेक्षा विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाकून बघू. लिनक्स मिंट २२ सिनॅमन टाकलंय, विंडोज पूर्ण पुसून. आणि खरं सांगतो, थक्क झालो, आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, इतकंच काय प्रिंटर पण काही न करता चालू झाला, पण वायफाय नाही म्हणजे नाहीच. खाली उजव्या कोपऱ्यात नेटवर्कच्या आयकॉनवर क्लिक केलं की फक्त 'वायर्ड' येतं, वायफायचं नावच नाही, चालू-बंद करायचं बटण पण नाही. पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवलं होतं तेव्हा पण हेच होतं, मला वाटलं इन्स्टॉल झाल्यावर येईल.

कार्ड बिघडलेलं नाही, आदल्या दिवशीपर्यंत विंडोजमधे व्यवस्थित चालत होतं. यूट्यूबवर एका व्हिडिओत गिटहबवरून काहीतरी आरटीएल नावाचं उतरवून मेक आणि मेक इन्स्टॉल करायला सांगतायत, खाली कॉमेंटमधे लोक थँक्यू भैया म्हणतायत, पण मुळात नेट चालू करायलाच नेट लागतंय तर ते उतरवू कुठून. राउटर खालच्या मजल्यावर आहे, लॅनची एवढी लांब केबल नाही. बहिणीला ह्याच लॅपटॉपवर एमपीएससीचे क्लास बघायचेत, ती रोज विचारते 'झालं का'. सरळ यूएसबी डोंगल घेऊन टाकू का काही उपाय आहे?

---

टर्मिनल_तात्या:

डोंगल लगेच घेऊ नका. आणि तो व्हिडिओ बंद करा आधी. आरटीएल म्हणजे रिअलटेक, तुमचं कार्ड रिअलटेकचं आहे हे कुठे ठरलंय? दुसऱ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) कंपाइल करून, म्हणजे सोर्स कोडपासून मशीनवर बनवून, तुमचं कार्ड चालू होणार नाही, वर सिस्टिममधे कचरा राहील तो वेगळाच.

लॅपटॉपची कंपनी आणि मॉडेल लिहिलं नाहीत ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्याने काही कळत नाही. एकाच मॉडेलमधे एका बॅचला इंटेलचं कार्ड, दुसऱ्या बॅचला ब्रॉडकॉमचं, तिसऱ्याला रिअलटेकचं असं सर्रास असतं. आपल्याला हवाय तो कार्डाचा नंबर. टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) उघडा आणि हे चालवा (मी मराठी कीबोर्डवर आहे म्हणून उच्चाराप्रमाणे लिहितोय, तुम्ही इंग्रजी छोट्या अक्षरात टाका):

एलएसपीसीआय -एनएनके
आरएफकिल लिस्ट
मॉक्युटिल --एसबी-स्टेट
यूनेम -आर

पहिल्याच्या आउटपुटमधे 'नेटवर्क कंट्रोलर' असं जिथे असेल तिथल्या तीनचार ओळी इथे टाका, विशेषतः चौकटी कंसात कोलनच्या दोन बाजूला चार-चार अक्षरं असतात ती. त्यातली पहिली चार म्हणजे चिप कोणाची ते. ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस. पुढची चार म्हणजे नेमकी कुठली चिप.

आता नेट. अँड्रॉइड फोन असेल ना घरात? यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमधे हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं ते चालू करा. लिनक्सला ते साधं लॅन कार्ड दिसतं, ड्रायव्हर कर्नेलमधे (लिनक्सच्या गाभ्यात) आधीच आहे, काही टाकावं लागत नाही. आणि फोन वायफायला जोडलेला असेल तर घरच्या फायबरचंच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा जात नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

---

कृष्णाकाठ:

तात्या टेदरिंग एकदम भारी निघालं, धन्यवाद. पहिल्या केबलने नुसतं चार्जिंगच होत होतं, दुसरी लावल्यावर लगेच 'वायर्ड कनेक्टेड' आलं आणि तुम्ही म्हणता तसं फोनचं वायफायच वापरतंय.

आउटपुट असं आहे. नेटवर्क कंट्रोलर, ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, कंसात १४ई४:४३६५. खाली 'कर्नेल ड्रायव्हर इन यूज' समोर बीसीएमए-पीसीआय-ब्रिज, आणि 'कर्नेल मॉड्यूल्स' समोर बीसीएमए. मग ड्रायव्हर तर आहे असंच दिसतंय ना, तरी चालत का नाही?

आरएफकिलमधे फक्त ब्लूटूथची एक ओळ, सॉफ्ट आणि हार्ड दोन्हीला 'नो', म्हणजे बटणाने काही बंद केलेलं नाही. सिक्युअर बूट एनेबल्ड. कर्नेल ६.८.

---

टर्मिनल_तात्या:

झालं, रोगाचं नाव कळलं. बीसीएम४३१४२ जुनी ओळखीची आहे आणि हमखास चालू होते.

बीसीएमए हा वायफायचा ड्रायव्हर नव्हे. तो फक्त चिपच्या आतल्या बसपर्यंत पोचतो, म्हणजे दारावरची बेल वाजली पण आतून उघडणारं कोणी नाही अशी गत. उघडणारा वेगळा लागतो.

थोडा इतिहास सांगतो, कारण नेटवर ब्रॉडकॉमसाठी जे शंभर सल्ले सापडतात ते कुठल्या चिपला लागू आहेत ते त्याशिवाय समजत नाही. ब्रॉडकॉमने बरीच वर्षं लिनक्ससाठी माहिती दिली नव्हती तेव्हा लोकांनी त्यांचा ड्रायव्हर उलटा उलगडून बी४३ नावाचा ड्रायव्हर लिहिला, तो २००८ च्या सुरुवातीला २.६.२४ कर्नेलमधे आला. त्याला फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) वेगळं काढून द्यावं लागतं, म्हणून ते 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' वालं पॅकेज. त्याआधी तर एनडीआयएसरॅपर लावून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समधे चालवायचे लोक, ते दिवस आठवले तरी नको वाटतं. मग २०१० मधे कंपनीने स्वतः एक ओपन ड्रायव्हर दिला, त्यातून आजचे बीआरसीएमएसमॅक आणि बीआरसीएमएफमॅक आले. तुमची ४३६५ ह्यापैकी कुठल्याच ड्रायव्हरच्या यादीत नाही. तिला लागतो डब्ल्यूएल, जो अर्धा बंद पेटीतला आहे, म्हणजे मुख्य भाग तयार बायनरी आणि त्याच्यावर कर्नेलशी बोलणारा पातळ थर सोर्समधे. तो थर प्रत्येक कर्नेलसाठी तुमच्या मशीनवर नव्याने कंपाइल होतो. शेवटची अधिकृत आवृत्ती ६.३०.२२३.२७१, २०१५ ची. त्यानंतर नवीन कर्नेलशी जुळवून घेण्याचं काम डेबियन, उबंटूवाली मंडळी पॅच (छोट्या दुरुस्त्या) लावून करतायत.

तर आता करायचं इतकंच. टेदरिंग चालू ठेवून आधी अपडेट मॅनेजरमधून रिफ्रेश करा, मग मेनूमधून ड्रायव्हर मॅनेजर उघडा. तिथे ब्रॉडकॉम दिसेल, समोर बीसीएमडब्ल्यूएल-कर्नेल-सोर्स आणि 'डू नॉट यूज'. पहिलं निवडा, अप्लाय. टर्मिनलच आवडत असेल तर:

सुडो एपीटी इन्स्टॉल बीसीएमडब्ल्यूएल-कर्नेल-सोर्स

बीसीएमए, बी४३ वगैरेना ब्लॅकलिस्ट करायचं, म्हणजे आडवे येऊ न देण्याचं, काम पॅकेज स्वतःच करतं, हाताने फायली लिहीत बसू नका.

तुमचं सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर बूट होताना अडवणारी सोय) चालू आहे, म्हणून एक पायरी जास्त. इन्स्टॉल होताना एक पासवर्ड विचारेल, हा लॉगिनचा नाही, एकदाच वापरायचा आहे. साधे आकडे ठेवा, कारण तो पुढे ज्या स्क्रीनवर टाकायचा तिथे अमेरिकन कीबोर्ड असतो, चिन्हं इकडची तिकडे होतात. रिबूट केल्यावर निळी स्क्रीन येईल, त्यात एनरोल मॉक, कंटिन्यू, येस, तो पासवर्ड, रिबूट. मॉक म्हणजे तुमच्या मशीनची स्वतःची सहीची की.

---

पेठेतला_पेंग्विन:

एवढं कशाला, बायोसमधे (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमधे) जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं, विषय संपला. घरच्या लॅपटॉपला कोण हॅकर येणार आहे बूटलोडर बदलायला. मी प्रत्येक मशीनवर पहिलं काम हेच करतो.

---

टर्मिनल_तात्या:

पेंग्विनराव, चालतं की. कृष्णाकाठ यांनी विंडोज काढलेलंच आहे तेव्हा त्यांना दोन्ही मार्ग मोकळे. पण हा धागा उद्या ड्युअल बूटवाला (विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेला) कोणी वाचेल, त्याच्या विंडोजला बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) लावलेलं असेल, आणि त्याने सिक्युअर बूट बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती बहुतेकांना कुठे ठेवली तेच माहीत नसतं. म्हणून मी आधी मॉकचा रस्ता सांगतो. एकदाच करायचंय, नंतर कर्नेल बदलला तरी तीच की चालते.

---

कृष्णाकाठ:

ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकला, हिरवं टिक आलं, रिबूट केलं. निळी स्क्रीन आली पण कुठलं बटण दाबायचं ते वाचेपर्यंत ती निघूनच गेली आणि मिंट चालू झालं. वायफाय अजून नाही. ड्रायव्हर हाताने चालू करायला सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल केलं तर म्हणतंय 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. आता परत सगळं काढून टाकायचं का?

---

टर्मिनल_तात्या:

काही काढू नका, ड्रायव्हर नीट बसलाय. हा एरर म्हणजे फक्त सही ओळखली गेली नाही. जुन्या कर्नेलमधे हेच 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' असं यायचं, शोधताना दोन्ही वाक्यं टाकून बघा. सिक्युअर बूट चालू असताना कर्नेल फक्त सही असलेलीच मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोडायचे तुकडे) आत घेतो. मिंट उबंटूवर बेतलेलं आहे, म्हणून बाकी सगळ्या मॉड्यूलवर उबंटूची सही आहे, डब्ल्यूएल मात्र तुमच्या मशीनवर बनलं म्हणून त्याच्यावर तुमच्याच मशीनच्या कीची सही आहे आणि ती की लॅपटॉपच्या बूट तपासणीला अजून कोणी सांगितलेलीच नाही. निळी स्क्रीन त्यासाठीच होती. ती दहा सेकंदच थांबते, त्यात कुठलंही बटण दाबलं की मेनू उघडतो.

परत बोलवायला:

सुडो मॉक्युटिल --इम्पोर्ट, आणि पुढे एक जागा सोडून /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/ ह्या फोल्डरमधल्या मॉक.डीईआर फाइलचा पूर्ण पत्ता. फाइलच्या नावात मॉक मोठ्या अक्षरात आहे, लिनक्सला तो फरक कळतो.

नवीन पासवर्ड दोनदा विचारेल, मग रिबूट, आणि स्क्रीनसमोरून हलू नका.

---

रात्रपाळी:

हे सगळं वाचून माझं मत सांगतो, कोणाला पटेल न पटेल. अकरा वर्षं जुन्या, कंपनीने २०१५ नंतर हात न लावलेल्या ड्रायव्हरवर वेळ घालवण्यापेक्षा मागचे स्क्रू काढून कार्डच बदला. २०१९ मधे ह्या डब्ल्यूएल ड्रायव्हरमधे सिक्युरिटीचे दोष जाहीर झाले होते, आणि डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) त्याला येत नाही. इंटेलच्या कार्डाचा आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हर कर्नेलमधेच असतो, फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमधे, लावलं की चालू. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड कार्ड हजाराच्या आत मिळून जातं.

फक्त आंधळेपणाने घेऊ नका. २०१४ च्या लॅपटॉपमधे कार्ड बहुतेक अर्ध्या उंचीचं मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं, नवीनमधे एम.२. दोन्हीचे स्लॉट वेगळे. मिनी पीसीआय एक्सप्रेसला इंटेल ७२६० चं एचएमडब्ल्यू घ्या, ५ गिगाहर्ट्झ पण मिळेल आणि ब्लूटूथ पण. एम.२ असेल तर एएक्स२०० किंवा एएक्स२१०. एएक्स२०१ आणि एएक्स२११ स्वस्त दिसतात म्हणून उचलू नका, ती सीएनव्हीआय जातीची आहेत, वायफायचा अर्धा भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमधे असतो, जुन्या मशीनमधे बसतील पण चालणार नाहीत.

अजून एक भानगड म्हणजे बायोसची व्हाइटलिस्ट. काही कंपन्यांच्या त्या काळच्या मशीनमधे बायोस ठरलेलीच कार्डं घेतो, दुसरं लावलं तर बूटच होऊ देत नाही, सरळ 'अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड' म्हणून थांबतो. तुमच्या मॉडेलला आहे का ते आधी शोधा, मगच पैसे घाला.

---

टर्मिनल_तात्या:

रात्रपाळी यांचं कार्डाबद्दलचं सगळं बरोबर आहे, मी स्वतः मशीन विकत घेताना इंटेलचंच बघतो. एकच भर घालतो, ४३१४२ ही एकाच अँटेनाची चिप आहे, त्यामुळे काही लॅपटॉपमधे कंपनीने पडद्यामागून एकच वायर आणलेली असते. इंटेलच्या कार्डाला दोन टोकं. एक वायर 'मेन' लिहिलंय किंवा १ लिहिलंय तिथे लावली तर चालतं, स्पीड मात्र अर्धा समजा. आणि ती बटणाएवढी टोकं नखाने ओढू नका, प्लॅस्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला, वाकडी झाली की गेली.

पण जे आहे ते फुकटात चालू होत असेल तर आधी ते चालू करू, बहिणीचा क्लास बुडतोय.

---

कृष्णाकाठ:

आलं!!! निळ्या स्क्रीनवर बटण दाबलं, एनरोल केलं, आणि मिंट उघडल्यावर आजूबाजूच्या सगळ्यांचे राउटर दिसायला लागले. बहीण सध्या राज्यशास्त्राचं लेक्चर लावून बसलीय आणि लॅपटॉप मला हातात देत नाहीये.

दोनतीन शंका आहेत तरी. डीमेसेजमधे (कर्नेलच्या नोंदींमधे) 'डब्ल्यूएल, मॉड्यूल लायसन्स, टेंट्स कर्नेल' असं काहीतरी लाल रंगात येतंय, ते घाबरण्यासारखं आहे का? दुसरं, आमच्या फायबरच्या राउटरला दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी ५जी लिहिलेलं, त्यातलं ५जी वालं लॅपटॉपला दिसत नाही, फोनला दिसतं. आणि तिसरं, ब्लूटूथचे हेडफोन जोडायला गेलो तर लॅपटॉपला ते सापडतच नाहीत.

---

पेठेतला_पेंग्विन:

अभिनंदन. ५जी वालं दिसणार नाही, कारण ही चिपच फक्त २.४ गिगाहर्ट्झची आहे, विंडोजमधे पण दिसत नसणार, आठवून बघा. ते मोबाइलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. लेक्चर बघायला २.४ पुरतं, फक्त राउटरच्या पानावर जाऊन चॅनल 'ऑटो' वरून काढून १, ६ किंवा ११ करा, कारण ऑटोने कधी १२-१३ निवडलं तर काही लॅपटॉपना तो राउटर दिसेनासा होतो आणि माणूस ड्रायव्हरमधे चूक शोधत बसतो. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा २ आणि ३ मिळून जी असते ती ठेवा, नुसती ३ ठेवलीत तर हे कार्ड जोडलं जाणार नाही.

---

टर्मिनल_तात्या:

टेंट्स कर्नेल म्हणजे बंद सोर्सचं मॉड्यूल आत आलं एवढीच नोंद. त्याचा अर्थ इतकाच की उद्या कर्नेल कोसळला आणि तुम्ही कर्नेलवाल्यांकडे तक्रार नेली तर ते म्हणतील आधी ते मॉड्यूल काढून दाखवा. तुम्हाला काही फरक पडत नाही.

ब्लूटूथ त्याच कार्डावर असलं तरी त्याचा संसार वेगळा आहे, ते आतून यूएसबीवर जोडलेलं असतं. डीमेसेजमधे ब्लूटूथच्या ओळी बघा, बीसीएम४३१४२ए० ने सुरू होणारी, शेवटी .एचसीडी असलेली एक फाइल सापडली नाही असं दिसेल. ते त्याचं फर्मवेअर. लिनक्स-फर्मवेअरमधे ते नाही, विंडोजच्या ड्रायव्हरमधे .हेक्स स्वरूपात असतं, हेक्स२एचसीडी नावाच्या छोट्या टूलने बदलून /लिब/फर्मवेअर/बीआरसीएम मधे डीमेसेज मागतंय नेमक्या त्याच नावाने ठेवायचं आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करायचा. झाल्यावर एक लक्षात ठेवा, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ वर आणि एकाच अँटेनावर, हेडफोन लावून लेक्चर बघितलं तर अधूनमधून अडखळणार. ते ड्रायव्हर बदलून जाणार नाही. वायरचा हेडफोन बरा.

मधेच वायफाय मंद पडत असेल तर पॉवर सेव्ह बंद करून बघा. /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मधे डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन नावाची फाइल आहे, तिच्यात ३ आहे ते २ करा, म्हणजे बंद. बॅटरी किंचित जास्त खाईल.

आणि महत्त्वाचं. नवीन कर्नेल आला की डब्ल्यूएल आपोआप परत कंपाइल होतं, पण कधीकधी कर्नेल फार पुढचा असतो आणि पॅच अजून आलेला नसतो, मग एका सकाळी अपडेटनंतर वायफाय गायब. तेव्हा घाबरू नका, बूट होताना एस्केप दाबून ग्रबच्या (काय बूट करायचं ते निवडायच्या) मेनूत 'अडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधून आधीचा कर्नेल निवडा, वायफाय परत येईल. म्हणून अपडेट मॅनेजरमधून जुने कर्नेल काढताना एक तरी शिल्लक ठेवा. डीकेएमएस स्टेटस ही कमांड दिली की कुठल्या कर्नेलसाठी मॉड्यूल बनलंय ते दिसतं.

---

मालवणी_मोडेम:

ह्याच धाग्यात विचारतो, रागावू नका. माझ्याकडे रिअलटेकचं आहे, आरटीएल८७२३बीई, उबंटूवर वायफाय दिसतं, जोडलं पण जातं, पण राउटरच्या खोलीतच. बाजूच्या खोलीत गेलो की एक दांडी आणि मग खलास. आमची घरं चिऱ्याची, भिंती जाड आहेत हे मान्य, पण त्याच जागी फोनला तीन दांड्या असतात. कार्ड बदलायचं म्हणजे सावंतवाडी गाठायची.

---

टर्मिनल_तात्या:

भिंतीला दोष देऊ नका. ह्या चिपला अँटेनाची दोन टोकं असतात, बऱ्याच कंपन्या एकालाच वायर जोडतात, आणि ड्रायव्हरला चुकीची माहिती मिळाली तर तो रिकाम्या टोकावर ऐकत बसतो. राउटर शेजारी असला तरच काहीतरी कानावर पडतं. हाताने सांगायचं:

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

फरक पडला नाही तर २ च्या जागी १ करून परत. ज्याने दांड्या वाढतील तो आकडा कायम करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मधे .कॉन्फ ने संपणारी एक फाइल बनवा, आत एकच ओळ, ऑप्शन्स, मग ड्रायव्हरचं नाव, मग एएनटी_एसईएल आणि तो आकडा.

---

मालवणी_मोडेम:

२ ने काही नाही. १ केल्याबरोबर बाजूच्या खोलीत चार दांड्या. ओटीवर पण चालतंय. देव बरें करो.

---

शाळामास्तर:

आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्याने जुने लॅपटॉप दिलेत, सगळे वेगवेगळे, काहींचं वायफाय कार्ड मेलेलं आहे. उघडून दुरुस्त करणारं गावात कोणी नाही, तेव्हा डोंगलच घ्यावे लागतील. लिनक्सवर कुठले बिनबोभाट चालतात? दुकानदार म्हणतो सगळे चालतात.

---

रात्रपाळी:

दुकानदाराला आत कुठली चिप आहे ते विचारा, नाही सांगता आलं तर दुसरं दुकान. मीडियाटेक एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू असेल तर डोळे मिटून घ्या, ड्रायव्हर कर्नेलमधे आहे आणि ५ गिगाहर्ट्झ पण आहे. नुसतं २.४ चाललं तर अथेरॉस एआर९२७१, जुनी आहे पण खडखडीत, तिचं तर फर्मवेअर सुद्धा ओपन सोर्स आहे. बॉक्सवर 'लिनक्स सपोर्टेड' लिहून आत सीडीवर कंपाइल करायचा ड्रायव्हर देतात ते टाळा, शाळेत दर कर्नेल अपडेटला कोण कंपाइल करत बसणार.

खोक्यावरचं मॉडेलचं नाव तेच ठेवून आत 'व्हर्जन २' मधे चिप बदललेली असते, हेही बघा. म्हणून आधी एकच आणा, लावा, एलएसयूएसबी ने नंबर तपासा, मग बाकीचे त्याच खेपेतले घ्या. आणि काही डोंगल लावल्यावर वायफायऐवजी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात, आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. फाइल मॅनेजरमधून ती सीडी इजेक्ट केली की बरेचदा खरं कार्ड वर येतं, नाहीतर यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज टाका.

---

शाळामास्तर:

सीडी ड्राइव्हचं हे आमच्याकडे एकाला झालेलं, आम्ही तो खराब समजून कपाटात टाकलाय. काढतो उद्या. ज्या लॅपटॉपांची कार्डं जिवंत आहेत त्यांचे नंबर पण काढून इथे टाकतो, तात्या जरा बघाल का.

---

टर्मिनल_तात्या:

टाका की. प्रत्येकाचं एलएसपीसीआय -एनएनके चं आउटपुट, आणि लॅपटॉपवर खडूने आकडा लिहून तोच आकडा पोस्टमधे, नाहीतर कुठलं कुठल्याचं ते मलाही कळणार नाही. नवीन धागा उघडा त्यासाठी, हा ब्रॉडकॉमचा राहू दे.